कम्प्युटरवरचं ईमेल सारखं बंद पडतंय? ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणण्याआधी हे वाचा

बुलढाणा : सकाळी सेवा केंद्र उघडलं, कम्प्युटर सुरू केला, आउटलुकवर क्लिक केलं. खिडकी उघडली, दोन सेकंद दिसली आणि गायब. पुन्हा क्लिक केलं, पुन्हा गायब. बाहेर चार माणसं कागद घेऊन उभी. मग कोणीतरी सुचवतं, ‘तालुक्याला घेऊन जा, फॉरमॅट मारून देतील.’ दुकानात अर्ध्या दिवसात काम होतं, मशीन नव्यासारखं पळू लागतं. आणि संध्याकाळी लक्षात येतं की मागच्या सात-आठ वर्षांचे सगळे मेल गेले.

जिल्ह्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्या, पतसंस्था, शाळांची कार्यालयं, कृषी केंद्रं, जिनिंगच्या पेढ्या, कर सल्लागार अशा कितीतरी ठिकाणी आजही मेल मोबाईलवर नाही, तर टेबलावरच्या कम्प्युटरवर वाचला जातो. खरेदीदाराची ऑर्डर, बँकेचं पत्र, निविदेचा खुलासा, जीएसटीची नोटीस हे सगळं तिथेच येतं. जीएसटी नोंदणीच्या अर्जावर खुलासा मागवला गेला तर उत्तर द्यायला कामकाजाचे ७ दिवस मिळतात. त्यातले चार दिवस ‘मेल उघडत नाही’ यातच गेले तर अर्ज नामंजूर होण्याची वेळ येते. म्हणून हा बिघाड नेमका काय असतो आणि घरच्या घरी किती दुरुस्त होतो, हे एकदा नीट समजून घेतलेलं बरं.

आधी मोबाईल हातात घ्या

कम्प्युटरला हात लावायच्या आधी तोच मेल आयडी मोबाईलवर उघडून पाहा. जीमेलचं खातं असेल तर जीमेल ॲपमध्ये, दुसऱ्या कंपनीचं असेल तर मोबाईलच्या ब्राउझरमध्ये. जुने मेल तिथे दिसत असतील तर निम्मी चिंता मिटली, कारण मेल कंपनीच्या सर्व्हरवर सुरक्षित आहेत आणि कम्प्युटरवर होती ती फक्त त्यांची प्रत. तातडीचं उत्तर मोबाईलवरूनच देऊन टाका आणि मग निवांत दुरुस्तीला बसा.

पण मोबाईलवर फक्त गेल्या आठवड्या-दोन आठवड्यांचेच मेल दिसत असतील तर सावध व्हा. मेल आणण्याच्या दोन पद्धती आहेत. आयमॅप पद्धतीत मेल सर्व्हरवर राहतात आणि कम्प्युटर, मोबाईल दोन्हीकडे सारखेच दिसतात. पॉप ही जुनी पद्धत. तिच्यात कम्प्युटर मेल उतरवून घेतो आणि सर्व्हरवरून ते काढूनही टाकू शकतो. आउटलुक २०१० पासून पॉप खातं जोडलं की सेटिंग न बदलल्यास सर्व्हरवरची प्रत १४ दिवसांनी काढली जाते. म्हणजे त्याआधीचा सगळा पत्रव्यवहार जगात एकाच ठिकाणी उरतो, तुमच्या टेबलावरच्या हार्ड डिस्कमध्ये. आणि फॉरमॅट म्हणजे तीच डिस्क पुसणं.

आपलं खातं कोणत्या पद्धतीचं आहे हे आउटलुक चालू असताना फाईल, अकाउंट सेटिंग्ज, पुन्हा अकाउंट सेटिंग्ज असं जाऊन पाहता येतं. खात्याच्या नावासमोर पॉप किंवा आयमॅप असं लिहिलेलं असतं. शेजारच्या डेटा फाईल्स या भागात मेलची फाईल कुठे ठेवली आहे त्याचा पूर्ण पत्ता मिळतो. आज मेल नीट चालू असेल तर आजच हा पत्ता एका कागदावर लिहून ठेवा किंवा मोबाईलने फोटो काढून ठेवा. बिघाड झाल्यावर तो शोधायला फार त्रास होतो.

फाईलची प्रत, तीही पेनड्राइव्हवर

आउटलुकमध्ये पॉप खात्याचे सगळे मेल एकाच मोठ्या फाईलमध्ये असतात. तिला पीएसटी फाईल म्हणतात. नेहमी ती डॉक्युमेंट्समधल्या आउटलुक फाईल्स या फोल्डरमध्ये सापडते. आउटलुक पूर्ण बंद करून ही फाईल पेनड्राइव्हवर कॉपी करा. कोणतीही दुरुस्ती करण्याआधीचं हे पहिलं काम.

इथे बरेच जण अडतात. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, रिकामा. फाईल ६ जीबीची. तरी कम्प्युटर म्हणतो, फाईल फार मोठी आहे. पेनड्राइव्ह खराब नसतो. बाजारातले बरेच पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या मांडणीत येतात आणि त्या मांडणीत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसतच नाही. पेनड्राइव्हमधलं सामान दुसरीकडे काढून ठेवा, त्यावर उजवं क्लिक करून फॉरमॅट निवडा, फाईल सिस्टीमच्या जागी एक्सफॅट किंवा एनटीएफएस करा. मग फाईल जाईल. फॉरमॅट मारायचाच असेल तर तो पेनड्राइव्हला मारा, कम्प्युटरला नाही.

दोष सगळा तुमच्याच मशीनचा असतो असं नाही

१५ जुलै २०२० रोजी जगभरातल्या अनेक कार्यालयांत आउटलुक उघडताक्षणी बंद पडू लागलं. लोकांनी मशीन बंद-चालू केलं, कोणी ऑफिस काढून पुन्हा टाकलं, काही उपयोग झाला नाही. दोष मायक्रोसॉफ्टकडूनच आलेला होता. कंपनीने तो मान्य केला आणि दुरुस्तीही पाठवली. त्या वेळात मोबाईलवरचं आणि ब्राउझरमधलं मेल मात्र नीट चालत होतं.

असं रोज होत नाही. पण काल संध्याकाळपर्यंत मेल ठीक चाललं आणि आज सकाळी अचानक बंद पडलं, तर शेजारच्या दोन-तीन कार्यालयांत एक फोन करून विचारायला काय हरकत आहे? सगळीकडे तेच असेल तर हात लावू नका, थांबा.

आपल्याच मशीनवर काय बदललं हे पाहायची एक सोपी सोयही विंडोजमध्ये आहे. स्टार्टमध्ये रिलायबिलिटी हा शब्द टाइप करा. रिलायबिलिटी हिस्टरीचं पान उघडतं. त्यात दिवसवार तक्ता असतो आणि ज्या दिवशी काही बंद पडलं तिथे लाल फुली. त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी काय नवीन टाकलं गेलं तेही तिथेच दिसतं. नवा अँटिव्हायरस, नव्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर, पीडीएफचा एखादा फुकट प्रोग्राम. बऱ्याचदा चोर तिथेच सापडतो.

आउटलुक : कंट्रोल दाबून उघडा

कीबोर्डवरची कंट्रोल ही कळ दाबून धरा आणि आउटलुकच्या चिन्हावर क्लिक करा. सेफ मोडमध्ये उघडायचं का, असा प्रश्न येईल. हो म्हणा. या पद्धतीत आउटलुक स्वतः एकटं उघडतं, बाहेरच्या कंपन्यांनी त्याला चिकटवलेले जोडप्रोग्राम बाजूला राहतात. या जोडप्रोग्रामना ॲड-इन म्हणतात. अँटिव्हायरस, पीडीएफ, मीटिंगचे ॲप, काही हिशोबाची सॉफ्टवेअर हे आपापलं ॲड-इन न विचारता बसवून टाकतात.

सेफ मोडमध्ये आउटलुक नीट चाललं, तर दोष बहुतेक ॲड-इनचा. फाईलमध्ये ऑप्शन्स, त्यात ॲड-इन्स, खाली कॉम ॲड-इन्सच्या शेजारी गो. सगळ्यांच्या खुणा काढा, आउटलुक बंद करून नेहमीसारखं उघडा. चाललं तर एकेक खूण परत लावत जा आणि दरवेळी उघडून पाहा. ज्या खुणेनंतर पुन्हा बंद पडलं तोच दोषी. काम कंटाळवाणं आहे, पण पैसे लागत नाहीत आणि मेलला धक्का लागत नाही.

कधी कधी प्रोग्राम उघडतो, पण एका ठरावीक मेलवर आला की कोसळतो. त्या मेलमध्येच काहीतरी बिघडलेलं असतं आणि बाजूच्या वाचनाच्या चौकटीत तो आपोआप उघडला की सगळं बंद. व्ह्यूमध्ये जाऊन रीडिंग पेन बंद करा. खातं आयमॅपचं असेल तर आणखी सोपं : तो मेल मोबाईलवरून दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा किंवा काढून टाका, कम्प्युटरवरूनही तो जाईल.

सेफ मोडमध्येही बंद पडत असेल तर मेलची फाईल तपासा. तिला वजनाची मर्यादा असते. आउटलुक २००२ पर्यंत ती २ जीबी होती, २००३ आणि २००७ मध्ये नेहमीच्या सेटिंगला २० जीबी, २०१० पासून ५० जीबी. जुन्या आवृत्तीवर चालणाऱ्या कार्यालयात फाईल काठोकाठ भरलेली सापडू शकते. सोयाबीनच्या पोत्यात आणखी चार किलो कोंबलं की शिवण उसवते, तसंच आहे हे.

फाईल दुरुस्त करायचं साधन मायक्रोसॉफ्टने ऑफिसबरोबरच दिलेलं असतं. त्याचं नाव स्कॅनपीएसटी. ऑफिस २०१६ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत ते बहुधा सी ड्राइव्हमध्ये प्रोग्राम फाईल्स, मायक्रोसॉफ्ट ऑफिस, रूट, ऑफिस१६ या फोल्डरमध्ये मिळतं. ते उघडून पीएसटी फाईल दाखवा आणि तपासणी सुरू करा. चुका सापडल्या तर दुरुस्तीआधी बॅकअप ठेवू का, असं विचारतं. ती खूण काढू नका. मोठ्या फाईलला तास-दोन तासही लागू शकतात. मध्ये बंद करू नका, आणि लाइट जाण्याच्या वेळेत तर सुरूच करू नका. एकदा झाल्यावर पुन्हा चालवून पाहा, पहिल्या फेरीत सुटलेल्या चुका दुसऱ्या फेरीत सापडू शकतात.

आयमॅप खात्याची फाईल वेगळी, तिला ओएसटी म्हणतात. ती सर्व्हरवरच्या मेलची प्रत असते. आउटलुक बंद करून तिचं नाव बदललं की आउटलुक नवीन फाईल बनवून मेल पुन्हा उतरवून घेतं. पण थेट डिलीट करू नका, नावच बदला. काही वेळा पत्ते आणि कॅलेंडर फक्त त्याच फाईलमध्ये साठवलेले असतात. दुसरी गोष्ट नेटची. १० जीबी मेल पुन्हा उतरवायचे आणि नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवरचं, दिवसाला दीड जीबीचं, असं असेल तर आठवडा जाईल. हे काम चांगली लाइन असेल तिथेच करा.

एवढं करूनही जमलं नाही तर कंट्रोल पॅनेलमधल्या मेल या चिन्हातून शो प्रोफाइल्स आणि ॲड असं करून नवं प्रोफाइल बनवता येतं. जुनं प्रोफाइल काढू नका, राहू द्या. त्यानंतरचा उपाय म्हणजे कंट्रोल पॅनेलमधल्या प्रोग्रामच्या यादीत ऑफिस निवडून चेंज, आणि क्विक रिपेअर. त्याने भागलं नाही तर ऑनलाइन रिपेअर, पण त्याला नेट लागतं. या दोन्हींत मेलची फाईल जात नाही. मात्र ऑफिस चोरीचं, कुठून तरी चावी तोडून टाकलेलं असेल तर रिपेअर केल्यावर ते चालेलच असं नाही. परवडत नसेल तर फुकट आणि कायदेशीर पर्याय आहे, त्याचं नाव थंडरबर्ड.

थंडरबर्डची गोष्ट थोडी वेगळी

मोझिलाचं थंडरबर्ड २००४ पासून फुकट मिळतं. ते बंद पडत असेल तर शिफ्ट कळ दाबून धरून उघडा, म्हणजे ट्रबलशूट मोड येतो. त्यात चाललं तर दोष वरून टाकलेल्या एखाद्या ॲड-ऑनचा किंवा थीमचा.

थंडरबर्डमध्ये नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक फोल्डरची एकेक लांबलचक फाईल असते. तुम्ही मेल डिलीट केला तरी तो त्या फाईलमधून लगेच निघत नाही, फक्त त्यावर काट मारली जाते. फाईल आकसायला कॉम्पॅक्ट करावं लागतं. फाईल मेनूत कॉम्पॅक्ट फोल्डर्स असं मिळतं. वर्षानुवर्षं ते न केल्याने इनबॉक्स फुगतो आणि प्रोग्राम रडायला लागतो. फोल्डर उघडत नसेल, मेल भलतेच दिसत असतील तर फोल्डरवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, रिपेअर फोल्डर.

इथला मोठा धोका मात्र अँटिव्हायरसचा आहे. इनबॉक्समधल्या हजारो मेलपैकी एकात जरी व्हायरस सापडला तरी काही अँटिव्हायरस अख्खी इनबॉक्सची फाईलच कैद करून टाकतात, कारण त्यांच्या लेखी ती एकच फाईल असते. सकाळी उघडावं तर इनबॉक्स रिकामा. अशा वेळी घाबरून काही पुसू नका, अँटिव्हायरसच्या क्वारंटाइनमध्ये पाहा, फाईल तिथून परत आणता येते. बॅकअपसाठी हेल्पमधल्या ट्रबलशूटिंग इन्फॉर्मेशनमध्ये प्रोफाइल फोल्डर उघडायची सोय आहे. ते बघून ठेवा, थंडरबर्ड बंद करा आणि तो पूर्ण फोल्डर कॉपी करा.

खरा शत्रू : लाइट

आपल्याकडे मेलची फाईल खराब होण्यामागे व्हायरसइतकाच, कदाचित जास्तच, हात विजेचा असतो. आउटलुक चालू असताना फाईल सतत लिहिली जात असते. अर्धं लिहून झालं आणि लाइट गेली की फाईलची शिस्त बिघडते. इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. काही इन्व्हर्टर लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला क्षणभर वेळ घेतात आणि तेवढ्यात कम्प्युटर रीस्टार्ट होतो. कम्प्युटरला वेगळा यूपीएस हवा. आणि यूपीएसची बॅटरी मेलेली असेल तर तो डबा नुसता शोभेचा. महिन्यातून एकदा सगळी कामं सेव्ह करून, प्रोग्राम बंद करून यूपीएसचा प्लग काढा आणि किती मिनिटं टिकतो ते पाहा.

दुसरी सवय त्याहून वाईट. खिडकीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ आलं की लोक सरळ बोर्डाचं बटण बंद करतात. मोठी फाईल असेल तर आउटलुक पाच-दहा मिनिटं नुसतं विचार करत बसतं, ते मेलेलं नसतं. चहा पिऊन या. तरीही हललं नाही तर टास्क मॅनेजरमधून तेवढाच प्रोग्राम बंद करा, अख्खं मशीन नको.

घाटाखालच्या तालुक्यांत, मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगावकडे, उन्हाळ्यात खोलीतच मशीन तापतं. जिनिंगजवळच्या कार्यालयांत कापसाची पिंज कॅबिनेटच्या पंख्यात जाऊन बसते. मग मेलच काय, सगळंच बंद पडतं. फक्त दुपारीच बंद पडत असेल आणि सकाळी ठीक चालत असेल, तर सॉफ्टवेअर सोडा, आधी कॅबिनेट उघडून धूळ काढा. हार्ड डिस्कमधून टिक-टिक असा आवाज येत असेल तर कोणतीही दुरुस्ती चालवू नका, आधी फाईल बाहेर काढा. सी ड्राइव्ह लाल होईपर्यंत भरलेला असेल तर मेलला लिहायला जागाच उरत नाही, तेही तपासा.

बंद पडणं वेगळं, पासवर्ड मागणं वेगळं

प्रोग्राम उघडतो, पण दर मिनिटाला पासवर्ड मागतो आणि बरोबर टाकला तरी घेत नाही, ही वेगळी तक्रार. गुगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक जीमेल खात्यांना जुन्या प्रोग्राममधून नुसत्या साध्या पासवर्डने आत येणं टप्प्याटप्प्याने बंद केलं. जुन्या आउटलुकला त्यामुळे टू-स्टेप सुरू करून गुगलकडून वेगळा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. यात काहीच बिघडलेलं नसतं, फॉरमॅट मारूनही ते सुटत नाही.

तसंच विंडोजबरोबर फुकट येणारं ‘मेल’ ॲप ३१ डिसेंबर २०२४ ला मायक्रोसॉफ्टने बंद केलं. ते वापरणाऱ्यांनी ते दुरुस्त करायच्या मागे लागू नये. ऑफिस २०१६, ऑफिस २०१९ आणि विंडोज १० यांचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ते चालतात, पण ऑफिसच्या त्या आवृत्त्यांत नवा दोष निघाला तर दुरुस्ती येणार नाही. विंडोज ७ वाल्यांसाठी थंडरबर्डची शेवटची आवृत्ती ११५ आहे, त्यापुढची त्यावर बसत नाही.

नंबर शोधून फोन लावू नका

मेल बंद पडल्यावर घाईत मोबाईलवर ‘आउटलुक कस्टमर केअर नंबर’ शोधला जातो. वर येणारे कित्येक नंबर भामट्यांचे असतात. ते गोड बोलून स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावतात, मग दुरुस्तीचे दहा रुपये भरा म्हणतात आणि बँक खातं रिकामं होतं. अनोळखी माणसाला स्क्रीन द्यायची नाही, ओटीपी सांगायचा नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

मशीन दुकानात न्यायचंच असेल तर जाण्याआधी चुकीच्या संदेशाचा मोबाईलने फोटो काढा, केव्हापासून आणि काय करताना बंद पडतं ते लिहून घ्या. आणि मशीन टेबलावर ठेवायच्या आधी दुकानदाराला स्पष्ट सांगा : ‘दादा, यात पीएसटी फाईल आहे, ती आधी माझ्या पेनड्राइव्हवर काढून दाखवा. मग काय करायचं ते करा.’ चांगला कारागीर रागावत नाही. फाईल काढल्यावर तिचा आकार पाहा. काही केबी दिसत असेल तर ती तुमची फाईल नाही, वर्षांचे मेल जीबीमध्ये असतात.